आजपासून उस्ताद

लाकडावर कोरीवकाम करणाऱ्यांत 'उस्ताद' एका वेळी एकच असायचा. तो गेला की मगच पदवी पुढच्याला मिळायची, आणि सध्या ती बाबांकडे होती. त्यामुळे मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला, "अभिनंदन! आजपासून उस्ताद तुम्ही," तेव्हा लेकीच्या हातातली पटाशी गळून पडली. पुढचं तिला ऐकूच आलं नाही.

दम लागतोय म्हणून बाबा आज घरीच थांबले होते. तिने फोनवर फोन लावले, कुणी उचलेना. कपड्यांवरच्या भुशासकट ती धावत सुटली. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"बाबा!"

बाबा आरशासमोर दाढी करत होते.



"ओरडतेस काय अशी? पदवी मीच सोडली. तुला उस्ताद म्हणून हाक मारायला मी नको का?"