लेकीच्या ओळी

आता घरीच न्या, असं डॉक्टरांनी तानबाच्या बाबतीत सांगितलं, तेव्हा त्याची लेक रूपाली बारा वर्षांनी माहेरी, रोहण्याला आली. परजातीत लग्न केलं म्हणून बापानं ज्या दारातून तिला काढलं होतं, त्याच दाराशी तो खाटेवर पडला होता. तिच्याकडे न पाहताच पुटपुटला, "वावरात जाऊन ये."

आल्या पावली हाकललं, असं वाटून ती डोळे पुसत वावराच्या धुऱ्यावर पोचली आणि तिथंच थबकली. सगळं वावर वेचून झालं होतं. मधोमध मात्र पऱ्हाटीचा एक रुंद पट्टा कापसानं लदबदून पांढराशुभ्र उभा होता.

"हे काऊन ठेवलं, शकूमावशी?" तिनं वेचलेला कापूस बांधणाऱ्या बाईला विचारलं.

"पयली ओळ घरच्या लेकीनं वेचा लागते ना तुमच्यात? तू गेली त्याच्या पुढच्या साली त्यानं एक ओळ ठेवली. कोणाले हात लावू देला नाई. मंग दरसाल एक वाढवत गेला. कापूस वाऱ्यानं उडून जाये, लोक त्याले येडा म्हणत."

रूपालीनं ओळी मोजल्या. बारा भरल्या. मग बराच वेळ तिला पहिल्या बोंडाला हातच लावता येईना.

तिन्हीसांजेला ती पदराच्या ओटीत कापूस घेऊन परतली. बापानं ओटीत हात घातला.

"सारा वेचला?"

"एवढा कसा होईन बाबा, एका दिवसात?"

"मंग राह्यजो," तानबा म्हणाला.