पाहुण्यांचं मूळ गाव

चंद्रावरच्या वस्तीत लेकीकडे, हेमांगीकडे, राहायला आल्यापासून दत्तारामबाबांनी भेटेल त्याला मूळ गाव विचारलं होतं. डोळे मिटले की अंधारात लखकन चमकणाऱ्या ठिणग्याही त्यातून सुटल्या नाहीत. ते डोळ्यांतून आरपार जाणारे वैश्विक किरण आहेत, हे हेमांगीनं त्यांना समजावलं होतं. पण “येतात कुठून?” म्हटलं की ती हिरमुसायची. ते विद्युतभारित कण चुंबकी क्षेत्रांत इतकी वळणं घेत येतात, की मूळ दिशाच पुसली जाते.

“लेक शास्त्रज्ञ, आणि पाहुण्यांचं गाव ठाऊक नाही!” बाबा म्हणायचे.

आज ती वेधशाळेतून थेट जेवणघरात आली. “बाबा, सापडलं! हे कण जन्मतात तिथूनच गॅमा किरणही निघतात, आणि ते कुठेही न वळता सरळ येतात. त्यांचा माग काढत आम्ही एका फुटलेल्या ताऱ्यापाशी पोचलो. तुमचे बरेचसे पाहुणे तिथले.”

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांना कळलं नसावं, असं हेमांगीला वाटलं. पण ठिणगी चमकताच ते साऱ्या जेवणघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “या, या! तुमचं गाव आमच्या पोरीनं शोधलंय.”