शिफारस: होय

सहादेवच्या उसाला तुरे आले होते. आणखी आठवडाभर राहता तर उभ्या फडाचे चिपाड झाले असते. पण तोडीची पाळी वेळेवर आली. टोळी फडात उतरली त्याच दुपारी तो काकवीची बरणी घेऊन साखर कारखान्याच्या संगणक विभागात हजर झाला. आपला कुठे वशिला नाही, संचालकांशी ओळख नाही, तरी नंबर कुणी मागे ढकलला नाही, हे तो तिथल्या सीमाला पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

“ताई, तुमी हाय म्हनून वाचलो.”

सीमाने बरणी घेतली, हसली, आणि तो गेल्यावर दाराकडे बघत बसली.

सत्त्याण्णवचा हंगाम होता. तोडीच्या पाळ्यांचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. मूळ नोंदींना कुणी हात लावायचा नाही. प्रोग्रामच्या मधल्या एका थराला फक्त पर्याय सांगायचे. कुठला गट, उसाची कुठली जात, किती प्लॉट, कोणत्या क्रमाने. त्यावरून तो थर नोंदींना विचारायचा प्रश्न तयार करी आणि पाळ्यांची यादी काढून देई. क्रम सांगितला नाही, तर लागणीच्या तारखेचा धरी.

दिवाळीनंतर संचालक भिमाजीअण्णांनी त्यात एक पर्याय वाढवायला लावला: शिफारस. ‘होय’ म्हटले की तो ऊस यादीत वर आला पाहिजे. सीमाची नोकरी हंगामी होती आणि कायम करणे अण्णांच्या हातात. तिने पर्याय वाढवला. पडद्यावर रकाना आला, त्यात ‘होय’ भरता येऊ लागले. फक्त प्रश्न तयार करताना तो थर त्या पर्यायाकडे बघतच नव्हता.

अण्णांचे पाहुणे येत, शिफारस टाकून घेत आणि निवांत परतत. ऊस तुटायचा तो लागणीच्या तारखेनेच. हे एक ना एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येणार, आणि त्या दिवशी आपली नोकरी जाणार, हे ती धरूनच चालली होती.

लक्षात आले ते अण्णांच्याच. सोमवारी ते आत आले आणि दार लोटून घेतले.

“माझ्याच भावाची शिफारस टाकली हुती. टाकून बघितलं, काढून बघितलं. नंबर जागचा हालंना.”

सीमाने काही लपवले नाही. रकाना पोकळ आहे आणि तो मीच तसा ठेवला, एवढेच म्हणाली.

“आनखी कुनाला ठावं हाय?”

“कुणालाच नाही, अण्णा.”

“सांगू बी नका.”

अण्णांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. दार उघडले, बाहेर बाकावर बसलेल्या व्याह्यांना आत बोलावले आणि त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.

“या, पाव्हणं. ह्या आमच्या सीमाताई. ह्यांच्यामुळं माझ्या जिवाला लई आराम हाय. ताई, ह्यांची शिफारस टाका. ह्यांच्या डोळ्यांदेखत टाका.”