आईच्या फोनवरून

दार उघडलं तेव्हा मुलाच्या हातात दोन फोन होते. एक त्याचा. दुसरा जांभळ्या कव्हरचा, त्याच्या आईचा. त्या दुसऱ्यावर तो घाईघाईने काहीतरी लिहीत होता.

"मावशी? तुम्ही अशा अचानक?"

"अचानक कशी? निघतेय म्हणून सकाळीच कळवलं तुझ्या आईला. ती म्हणे नको येऊस, घरात रंगकाम चाललंय." ऑपरेटरबाईंनी बॅग आत ठेवली आणि भिंतींवरून नजर फिरवली. "कुठंय रंग? आणि तोफ कुठंय?"

तोफ हे त्याच्या आईचं टेलिफोन खात्यातलं नाव. ती आणि ऑपरेटरबाई वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या स्विचबोर्डांवर बसल्या. एकीचा आवाज लोण्यासारखा, दुसरीचा असा की साहेबसुद्धा तिच्या टेबलावरून जाताना पाय उचलायचे. निवृत्तीनंतर गावं बदलली, मैत्री फोनवर राहिली. मग गेल्या वर्षी तोफेचा निरोप आला, घशाचं दुखणं आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, आता लिहूनच बोलू. तेव्हापासून रोज सकाळी फुलाचं चित्र येत होतं आणि जोडलेले हात.

"आई झोपलीय," मुलगा म्हणाला आणि आडवा आला. बाई त्याच्या बगलेतून आत गेल्या.

तोफ जागी होती. भिंतीलगतच्या पलंगावर उताणी. उजवं अंग लुळं, ओठांचा एक कोपरा खाली ओघळलेला. बाईंना पाहताच तिचा डावा हात वर आला आणि घशातून नुसता "आऽऽ" निघाला.

"झटका आला होता," मुलगा दारातून म्हणाला. "बोलता येत नाही. आता फारसं कळतही नाही."

"मग वर्षभर माझ्याशी बोलतंय कोण?"

तो एकदम उसळला. "सांगितलं असतं तर रोज कुणीतरी दारात उभं! मी एकटा माणूस. नोकरी बघू, आईचं करू, की आल्यागेल्याचं चहापाणी? तुम्हा सगळ्यांचं मन राखलंच ना मी? एक दिवस चुकवला नाही."

सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाही ते बाईंनी या फोनवर लिहिलं होतं. नवऱ्याने हात उचलला ते. गालावरच्या वळाचा फोटो. वर विचारलं होतं, तुझ्याकडे येऊ का निघून? उत्तर आलं, जाऊ दे गं, या वयात कुठे जाणार, शांत राहा. खुद्द तोफ असं म्हणतेय म्हणून त्या राहिल्या. त्यानंतरही हात पडत राहिला. उजव्या कानाने आता त्यांना ऐकू येत नव्हतं.

"तू वाचलंस ते सगळं? फोटोही पाहिलास?"

"मला सुचेना काय लिहावं. मी कोण तुमच्या संसारात पडणारा?"

"पडलास की! आईचं तोंड लावून पडलास!"

त्यांनी फोन त्याच्या हातातून हिसकावला, पलंगाच्या कडेला बसल्या आणि वाचायला लागल्या. स्वतःचा प्रश्न आणि त्याखालचं उत्तर. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, खरखरत्या लाइनीवरून परगावचा निरोप सांगावा तसं. तोफ ऐकत होती. "शांत राहा"पाशी तिच्या मानेची शीर टरारून फुगली आणि डाव्या मुठीत चादर गोळा झाली.

"पुरे मावशी, तिचं बीपी वाढेल. मी गाडी बोलावतो तुम्हाला. तसंही इथे जागा नाहीय."

तोफेने डाव्या हाताने पलंगाची भिंतीकडची कड धरली. टाच गादीत रोवली. धडाचा मुर्दाड भाग ओढत, कण्हत, ती भिंतीकडे सरकायला लागली. चेहरा लालबुंद झाला, कपाळावर घाम आला. मुलगा मदतीला धावला तशी तिने त्याच्या मनगटावर फाडकन मारलं. तो हात चोळत मागे झाला.

ती भिंतीला टेकली. अर्धा पलंग रिकामा झाला. त्या रिकाम्या जागेवर तिने हात आपटला. मग पुन्हा आपटला, अजून जोरात.

ऑपरेटरबाई तिच्या शेजारी आडव्या झाल्या. छताकडे बघत त्या मुलाला म्हणाल्या,

"दार लाव. बाहेरून."