मोज्यातली नखं

"आजी, मोजे काढा. नखांना नेलपॉलिश नाही ना? गुडघ्याच्या ऑपरेशनला चालत नाही," नर्स म्हणाली.

प्रमिलाबाईंनी पाय चादरीत ओढून घेतले. भाचीच्या लग्नात बहिणींनी हौसेनं रंगवलेली नखं त्यांनी आठवडाभर मोज्यांत लपवली होती. गुडघे वाकेनात, म्हणून पुसता आली नव्हती.

सोबत आलेल्या सुनेनं मोजे उतरवले. लालभडक नखं! "छान दिसतायत, आई," म्हणत ती नर्सनं दिलेल्या रिमूव्हरनं पुसू लागली.

प्रमिलाबाईंची नजर तिच्या बोटांवर गेली. नखं कोरी होती. "असल्या नखांनी माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही," ती नवी नवरी असताना त्यांनी पाहुण्यांदेखत सुनावलं होतं. त्यानंतर तिनं कधी नेलपॉलिश लावलंच नव्हतं.

त्यांचे डोळे भरून आले.

"घाबरू नका, आई," सून म्हणाली, "भूल दिली की काही दुखत नाही."