शेजारच्या पेशी

लाल खुणेच्या पिंजऱ्यातला उंदीर जाळीला धरून उलटा लटकला आणि लगेच खाली पडला. निळ्या खुणेचा मात्र खुशाल लोंबकळत राहिला, जाळी जणू त्याच्या वाडवडिलांचीच होती. संशोधिका गालातल्या गालात हसली. बरेच दिवस हेच चाललं होतं.

प्रयोगशाळेचा नियम कडक होता. औषध पाजणाऱ्याने बोलायचं नाही आणि पकड मोजणारीने विचारायचं नाही. कुठल्या पिंजऱ्याला औषध आणि कुठल्याला नुसतं साखरपाणी, हे तिला कळायचं कारण नव्हतं. पण इतकं लख्ख दिसत असताना विचारायचं ते काय, असं तिला वाटे.

तिचं म्हणणं साधं होतं. स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या चेतापेशी एकमेकींना बारीक दारांनी जोडलेल्या असतात. उंदरांना जडवलेल्या या स्नायू गळत जाण्याच्या आजारात एक पेशी मरू लागली की तिचं विष त्याच दारांतून शेजारणीकडे जात असणार. दारं लावून घेतली तर आजार जागच्या जागी थांबेल. तिचं औषध तेवढंच करायचं.

घरी दादाचा हात याच आजाराने गळत चालला होता. त्याच हाताने लोकांचे कपडे शिवून त्याने धाकट्या बहिणीला शिकवलं होतं. आता त्याला कात्री उचलवत नव्हती. औषध माणसांना द्यायची परवानगी मिळायला वर्षं गेली असती, आणि दादाकडे तेवढी वर्षं नव्हती. निळ्या पिंजऱ्यांतले उंदीर बघून तिला राहवलं नाही. फ्रिजमधल्या साठ्यातली, औषधाचं नाव लिहिलेली एक बाटली तिने गुपचूप पर्समध्ये घातली. रोज एक चमचा द्यायचा आणि कुणाजवळ ब्र काढायचा नाही, असं वहिनीला बजावलं. भीती वाटलीच. पण दादासाठी तिने ती गिळली.

आज प्रयोग संपला. औषध पाजणारा सहकारी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आपलं सगळं उलटं निघालं," तो म्हणाला. "निळ्यांना नुसतं साखरपाणी होतं. औषध लालांना दिलं."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तो आपला सांगतच होता. मेलेल्या उंदरांच्या पेशी त्याने तपासल्या होत्या. त्या दारांतून विष जातही असेल, पण शेजारच्या धडधाकट पेशी आजारी पेशीला त्यांतूनच जगवत होत्या. दारं लागली आणि आजारी पेशी एकटी पडून लवकर मेली.

ती उठून बाहेर आली. तिने घरचा नंबर लावला. वहिनीने फोन उचलला आणि तिला बोलूच दिलं नाही.

"बरं झालं तूच फोन केलास. परवापासून ह्यांना पेलासुद्धा धरवत नाही गं, म्हणून मी एकाचे दोन चमचे केलेत. चालतंय ना?"