आजचा नवा शब्द

बाईंनी चिमटीत धरलेला बदाम सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हटलं, "आमाँद." मुलांनी एका सुरात तो शब्द उचलला. खिडकीजवळच्या टेबलावरची एक मुलगी तेवढी गप्प राहिली. तिची नजर टेबलावर मधोमध ठेवलेल्या केकवर खिळली होती.

केकमध्ये काय काय घातलंय, ते बाई फळ्यावरची चित्रं दाखवत फ्रेंचमधून सांगत होत्या. पीठ, लोणी, साखर, अंडी. बदामाचं चित्र त्यांना मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी बदामच आणला होता. त्याची पूड कशी केली, तेही त्यांनी तळहातावर मूठ घासून दाखवलं. मुलं हसली.

मुलीला गेल्या वर्षीचा वाढदिवस आठवला. कुणीतरी हातावर ठेवलेलं एक बदामाचं बिस्किट, मग सुजलेले डोळे, मग घशात कुणी बोळा कोंबल्यासारखं. बाबा तिला उचलून दवाखान्यात धावले होते. पुन्हा असं झालं तर इतका वेळ हाताशी असेलच असं नाही, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण दार उघडंच होतं आणि मुलीने ते ऐकलं होतं. तेव्हापासून आई जाईल तिथे आधी खाण्याची चौकशी करायची. या वर्गात मात्र तिने केली नव्हती. इथल्या खेळातला पाव लाकडाचा होता, चीज लाकडाचं होतं आणि पेले रिकामे. लाकडाला काय विचारायचं? आज शेवटचा तास म्हणून बाईंनी गंमत करायची ठरवली होती. रात्र जागून केक भाजला होता आणि कुणाला कानोकान खबर लागू दिली नव्हती.

खेळ नेहमीचाच होता. वर्गाचं हॉटेल करायचं. एकाने वाढायचं, बाकीच्यांनी मागायचं. ज्या टेबलावर कुणी घरच्या भाषेत बोलेल, ते अख्खं टेबल बाद. शेवटपर्यंत टिकेल त्या टेबलाला बक्षीस. मागच्या तासाला ही मुलगी चुकून "अगं, पाणी सांडलं" म्हणाली होती आणि चौघं बाद झाली होती. त्या दिवसापासून ती सगळ्यांची 'गळकी'.

तिच्या टेबलाचा वाढपी म्हणजे एक उत्साही मुलगा. त्याने पेनाने मिशा काढल्या होत्या आणि खांद्यावर रुमाल टाकला होता. केकचा तुकडा तिच्या बशीत ठेवता ठेवता तो तिच्या कानाशी वाकला. "गळके, आज तोंड बंद ठेव हं."

"नों, मेर्सी," ती म्हणाली. नको, आभारी आहे.

मिशीवाल्याने मान हलवली. हॉटेलात येऊन उपाशी जायचं म्हणजे काय? त्याने बशी आणखी पुढे सरकवली. शेजारच्या टेबलावरची मुलं कधीच खाऊन "से बों, से बों", छान आहे, छान आहे, करत होती.

मग तिने दुसरं वाक्य काढलं. "ज नॅम पा." मला आवडत नाही.

बाई ऐकत होत्या. त्या जवळ आल्या, हसल्या, बोट जिभेकडे नेऊन त्यांनी खूण केली. ती खूण सगळ्यांना पाठ होती. चाखल्याशिवाय 'आवडत नाही' म्हणायचं नाही, हा बाईंचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक. चांगलाच दंडक होता. त्यामुळे कितीतरी मुलं घरी भाजी खायला लागली होती.

मुलीने मान खाली घातली. आपल्याजवळची वाक्यं ती मनात चाचपू लागली. मला भूक लागली आहे. मला पाव हवा. अजून थोडं द्या. फार छान झालंय. सगळी वाक्यं ताटाकडे नेणारी होती. ताटापासून उठवणारं एकही नव्हतं.

बाईंना वाटलं, पोर लाजतेय. त्यांनी आयुष्यभर कुणा मुलावर आवाज चढवला नव्हता आणि आताही चढवणार नव्हत्या. त्या तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांवर. त्यांनी चमच्यात छोटासा तुकडा घेतला आणि चिऊ-काऊचा घास भरवावा तसा तिच्या ओठांपाशी आणला. सगळं टेबल श्वास रोखून बघत होतं. एक घास, दोन शब्द, की बक्षीस त्यांचं.

मुलीने ओठ घट्ट मिटले. लोण्याचा आणि आणखी कशाचा तरी गोड वास नाकात शिरला. बोलायचं तर तोंड उघडायला हवं होतं आणि चमचा दाराशीच थांबला होता. मिशीवाल्याने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. बाईंचे डोळे मायेने भरले होते. त्या वाट बघत होत्या. हवा तेवढा वेळ वाट बघायची त्यांची तयारी होती.

मुलीने झटक्यात मान खिडकीकडे वळवली. चमचा तिच्या गालाला लागला. घरची भाषा चालेल असा एकच प्रश्न या वर्गात होता. एखादा शब्द अडला की विचारायचा, अमक्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात. तेवढ्यासाठी कुणी बाद होत नसे.

"कोमाँ दितों," तिने खिडकीकडे बघतच विचारलं, "'हे खाल्लं तर मी मरेन' आँ फ्राँसे?"

"ओं दी..." बाईंनी सवयीने उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि मग ते वाक्य त्यांना ऐकू आलं.